गंमत आकड्यांची : ५१.८४ आले कुठून?
बालदोस्तांनो, काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या उघडझापीने निरोप धावतात. अमेरिकेतल्या ‘सॉनेट’ पद्धतीत त्यांच्या वेगाला ओसी-१, ओसी-३ अशी नावं आहेत. ओसी-१ म्हणजे सेकंदाला ५१.८४ मेगाबिट. असला विचित्र आकडा कसा? वही घ्या पाहू! एका चौकटीत ९ ओळी, ओळीत ९० बाइट; झाले ८१० बाइट. एका बाइटचे ८ बिट. सेकंदाला चौकटी जातात ८,०००. गुणाकार करा : ५,१८,४०,००० बिट. सापडलं की नाही?

ओसी-३ हवा? तिप्पट करा : १५५.५२.

मेगाबाइट हवे तर ८ ने भागा. घरच्या इंटरनेटचे ‘१००’ही मेगाबिटच, म्हणजे फक्त साडेबारा मेगाबाइट! आईबाबांना जरूर सांगा.

आता ओसी-१२चे मेगाबाइट काढा. (उत्तर : ७७.७६)