गोळ्या उरल्या कशा?

मैत्रिणींनो, आज तुमच्या घरातला औषधांचा डबा जरा उघडून बघा. बामची बाटली, थर्मामीटर, आणि त्यांच्याशेजारी चार-सहा उरलेल्या गोळ्यांचं एखादं पाकीट हटकून सापडेल. मुलाचा घसा धरला होता, डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पोरगं खेळायला पळालं आणि उरलेल्या गोळ्या डब्यात गेल्या. “उगीच कशाला ती गरम औषधं पोटात?” असं आपणच म्हणतो. मीही म्हणत होते.

माझ्या धाकट्या नणंदेचे लहानपणी सांधे सुजले होते. आज गुडघा, तर परवा घोटा. “वाढीचं अंग आहे, दुखायचंच,” म्हणून सासूबाईंनी तेल चोळलं. दुखणं गेलं, सगळे विसरले. पुढं तिचं लग्न झालं, दिवस राहिले, आणि सहाव्या महिन्यात जिना चढताना तिला धाप लागू लागली. रात्री आडवं पडवेना. तपासणीत कळलं की हृदयाची एक झडप आक्रसली आहे. बाळंतपण सुखरूप पार पडलं, पण नंतर झडप उघडून घ्यावी लागली. डॉक्टरांनी विचारलं, “लहानपणी घसा वरचेवर दुखायचा का हो?”

घसा कुठे नि हृदय कुठे, असं तुम्हांला वाटेल. हा धागा उलगडण्यात एका बाईचा फार मोठा वाटा आहे. तिचं नाव रिबेका लान्सफील्ड.

तिचा जन्म 1895 साली न्यूयॉर्कमधल्या स्टेटन बेटावर झाला. वडील लष्करात होते. कॉलेजात ती भाषा शिकायला गेली, पण खोलीतल्या मैत्रिणीचा प्राणिशास्त्राचा अभ्यास बघून तिला त्याचीच गोडी लागली. 1918 साली लग्न झालं. त्याच वर्षी ती न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कामाला लागली. टेक्ससमधल्या लष्करी तळांवर तेव्हा स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूनं कहर मांडला होता. तिथून आलेले नमुने तपासताना दिसलं, की हा जंतू एकाच जातीचा नाही, त्याचे निरनिराळे प्रकार आहेत. मध्ये वर्षभर ती नवऱ्याबरोबर ऑरेगॉनला शिकवायला गेली, मग परत आली. 1925 साली डॉक्टरेट मिळवली, 1929 साली मुलगी झाली. संसार आणि प्रयोगशाळा, दोन्ही चालू होतं.

आता तिनं शोधलं काय? आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या म्हणजे गल्लीतले पहारेकरीच. जंतू दिसला की गिळून टाकायचा, हे त्यांचं काम. पण या जंतूच्या अंगावर बारीक केसांसारखं एक प्रथिन असतं, त्यामुळं पहारेकऱ्याच्या हाती तो लागतच नाही. या प्रथिनाला लान्सफील्डबाईंनी ‘एम’ असं नाव दिलं. शिवाय काही जंतू वरून जी झूल पांघरतात, ती आपल्याच शरीरात असणाऱ्या पदार्थाची असते. घरातल्याच कुणाची शाल पांघरून चोर आत शिरावा, तसं हे!

शरीर हळूहळू ‘एम’ ओळखायला शिकतं, आणि ती ओळख कधीकधी तीस-तीस वर्षं टिकते, हेही बाईंनीच 1959 साली दाखवून दिलं. मग एकाच मुलाचा घसा पुन्हा पुन्हा का धरतो? कारण एम एकाच तऱ्हेचं नाही. आज त्याचे दोनशेच्या वर प्रकार माहीत आहेत. एक ओळखीचा झाला, तरी दुसरा परकाच! या जंतूवर अजून लस नाही, त्यामागं हेही एक कारण आहे.

आणि हृदयाचं काय? जंतूचे काही भाग आपल्या हृदयातल्या प्रथिनांसारखे दिसतात. त्यामुळं काही मुलांत जंतूवर उगारलेलं शस्त्र स्वतःच्याच शरीरावर चालतं. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. हाच संधिवाताचा ताप. सांध्यांना तो नुसता चाटून जातो, पण हृदयाला चावतो, असं डॉक्टर मंडळी म्हणतात.

या बाईंना रॉकफेलरमध्ये पूर्ण प्राध्यापकपद मिळालं 1958 साली, म्हणजे पहिल्यांदा तिथं पाऊल ठेवल्यावर चाळीस वर्षांनी! 1981 साली त्या वारल्या, तोवर ऐंशी उलटूनही प्रयोगशाळा सुटली नव्हती. आणखी एक गंमत. नाताळात अंडी, साय आणि मद्य घालून त्या जे पेय करत, त्याची कृती त्यांच्यामागंही प्रयोगशाळेत जपली गेली. सुगरणीची आठवण अशी राहते, नाही का?

आता आपल्या कामाचं. घसादुखी बहुतेक वेळा साधी, विषाणूंची असते. नाक वाहतंय, खोकला आहे, तर जंतूंवरच्या गोळ्यांची सहसा गरज नसते. पण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला ताप आहे, गिळताना दुखतंय, जबड्याखाली गाठी आल्यात आणि खोकला मात्र नाही, तर डॉक्टरांना दाखवाच. मिठाच्या गुळण्यांनी आराम पडतो, जंतू मरत नाही. पेनिसिलिनला हा जंतू आजही दाद देतो. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं, तरी हृदयावरचं संकट टळू शकतं. मात्र दहा दिवस सांगितले तर दहाच दिवस द्यायचं. उरलेल्या गोळ्या दुसऱ्या मुलाला आपल्या मनानं द्यायच्या नाहीत. आणि सांधे फिरून फिरून सुजले तर तेल चोळत बसू नका, छाती तपासून घ्या.

माझ्या नणंदेची लेक आता नऊ वर्षांची आहे. परवा तिचा घसा धरला. नणंदबाईंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर दहा चौकटी आखल्या आणि रोज एकेक फुली मारत गेल्या. दहावी फुली मारली, तेव्हा पाकिटात एकही गोळी उरली नव्हती.