खेळ कंपनीचा, दुकान आपले

संगणकावर किंवा मोबाइलवर चाललेला सामना पाहण्यासाठी लोक तिकीट काढून स्टेडियममध्ये बसतात, ही गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच व्यापारी बांधवांना अजून चेष्टेची वाटते. ‘पोरांचा टाइमपास’ म्हणून ती उडवून लावली जाते. परंतु २०१४ साली दक्षिण कोरियातील सोल शहराच्या वर्ल्ड कप फुटबॉल स्टेडियममध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळाचा जागतिक अंतिम सामना झाला, तेव्हा सुमारे ४० हजार प्रेक्षक हजर होते. २०२३ मध्ये चीनमधील हांगझो येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला रीतसर पदके मिळाली. गर्दी जमते तेथे बाजार भरतो, आणि बाजार भरत असताना व्यापाऱ्याने डोळे मिटून बसणे बरे नाही. मात्र बाजारात पाल टाकण्यापूर्वी जागेचा मालक कोण, हे विचारून घ्यावे लागते. या धंद्यात नेमका हाच प्रश्न विचारला जात नाही, असे आम्हाला वाटते.

हा बाजार प्रथम उभा राहिला तो दक्षिण कोरियात. १९९७ च्या अखेरीस त्या देशावर मोठे आर्थिक संकट आले आणि असंख्य लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतील अनेकांनी हाताशी असलेली पुंजी घालून संगणकांची छोटी दुकाने थाटली. त्यांना तेथे ‘पीसी बांग’ म्हणतात. बांग म्हणजे खोली. तासावर भाडे घ्यायचे, सोबत गरम नूडल्स आणि थंड पेये विकायची, असा हा व्यवसाय. १९९८ मध्ये ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीचा ‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ आला आणि या खोल्या गजबजल्या. पाहता पाहता अशा दुकानांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली. गल्लीतला चांगला खेळाडू कोण, हे पाहायला त्याच्या खुर्चीमागे पोरे उभी राहू लागली. दुकानदारांनी स्पर्धा भरवल्या. १९९९ मध्ये लहान मुलांच्या कार्टून वाहिनीने हे सामने दाखवले आणि २००० साली त्यांच्यासाठी ‘ऑनगेमनेट’ ही स्वतंत्र वाहिनीच निघाली. २००४ मध्ये बुसान शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला एक लाख लोक आल्याचे सांगितले गेले.

म्हणजे आज कोट्यवधींच्या बक्षिसांनी झगमगणाऱ्या या तमाशाच्या पायात छोट्या दुकानदाराचे भांडवल आणि त्याची मेहनत आहे. पण इमारत कोणाच्या नावावर झाली?

कुस्तीचे उदाहरण घ्या. कुस्ती कोणाच्या मालकीची नाही. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती लावायची तर मैदानाची परवानगी लागेल, पण डाव टाकण्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत. क्रिकेटचेही तेच. संगणकावरील खेळाची गोष्ट वेगळी. तो एका कंपनीचा माल आहे. स्पर्धा कोणी भरवावी, टीव्हीवर कोणी दाखवावी, नियम कधी बदलावेत आणि खेळ कधी गुंडाळावा, हे सारे शेवटी तीच ठरवते.

कोरियातील मंडळींना याचा अनुभव आला. दहा वर्षे सामने भरवून, वाहिन्या चालवून त्यांनी प्रेक्षक घडवला. मग ब्लिझार्डने प्रसारणाच्या हक्काचा प्रश्न काढला आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेले. २०११ मध्ये तडजोड झाली. पण २०१२ मध्ये त्यांतली एक वाहिनी खेळ सोडून संगीताकडे वळली आणि २०१६ मध्ये स्टारक्राफ्टची मोठी सांघिक लीग बंद पडली. पुढे ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या मालक कंपनीने २०१९ पासून कोरियातील आपले सामने स्वतःच दाखवायला सुरुवात केली. ज्या ऑनगेमनेटने ते नावारूपाला आणले होते, तिच्या हातून ते गेले.

आपल्याकडचे उदाहरण तर फार जवळचे आहे. कोरियन कंपनी क्राफ्टनच्या ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या खेळाचे सामने जून-जुलै २०२२ मध्ये स्टार स्पोर्ट्स वाहिनीवर दाखवले गेले. ई-स्पोर्ट्सला आता चांगले दिवस आले, असे सर्वजण म्हणू लागले. त्याच जुलैच्या अखेरीस केंद्र सरकारच्या आदेशानंतर तो खेळ गूगल आणि ॲपलच्या दुकानांतून नाहीसा झाला. तो परत आला मे २०२३ मध्ये. मधले दहा महिने ज्यांची कमाई केवळ त्या एका खेळावर होती, त्यांनी काय करायचे? ज्याने त्याच खेळाच्या नावाने माल भरून ठेवला, त्याने तो कोणाला विकायचा?

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, या धंद्यात जरूर उतरा, पण भांडवल अशा वस्तूंत घाला ज्या खेळ बदलला तरी कामास येतील. मंडप, खुर्च्या, जनरेटर, दिवे, ध्वनियंत्रणा, खानपान, ट्रॉफ्या, संघांचे टी-शर्ट, मोबाइलची दुरुस्ती आणि सुटे सामान यांना कोणत्याही खेळाचा प्रेक्षक चालतो. आज स्पर्धेला लावलेला मंडप उद्या लग्नात लागतो. उलट एकाच खेळाच्या नावाने थाटलेले दुकान त्या खेळाबरोबर बसते.

दुसरे, खेळातील पात्रांची चित्रे आणि कंपनीची बोधचिन्हे हीही तिचीच मालमत्ता असते. बाजारात मागणी आहे म्हणून परवानगीशिवाय ती टी-शर्टवर छापणारा कारागीर कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. संघाने स्वतः काढलेले चिन्ह छापावे, आणि तेही लेखी ऑर्डर व आगाऊ रक्कम घेऊनच. आयोजक नवखे असतात, स्पर्धा ऐनवेळी रद्द होते आणि उधारी मात्र कारागिराच्या गळ्यात पडते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खेळ आणि जुगार यांच्यातली रेषा पुसू देऊ नका. २०१० मध्ये कोरियात सट्टेबाजांकडून पैसे घेऊन सामने हरल्याचे उघड झाले आणि नामांकित खेळाडूंवर आजीवन बंदी आली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, पण पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. स्पर्धेची प्रवेश फी आणि विजेत्याचे बक्षीस या गोष्टी कायद्याला मान्य आहेत, पैज मात्र नाही. अशा जुगारी खेळांची नुसती जाहिरात केली तरी दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चार पैशांच्या भाड्यासाठी दुकानावर कोणाचाही फलक लावू देण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. आणि कायद्याने सूट दिली असती, तरी जुव्याच्या पैशात बरकत नसते हे आपल्या घरांत वेगळे सांगावे लागत नाही.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, हा नादच वाईट, पोरांचा अभ्यास बुडतो. त्यांची काळजी रास्त आहे. खेळाडू म्हणून पोट भरणारे हजारांत एखादे निघतात आणि त्यांचीही उमेद थोड्या वर्षांची असते. म्हणूनच मुलाला त्या एका खुर्चीवर बसवण्याची स्वप्ने पाहण्यापेक्षा, त्या खुर्चीभोवती जी शंभर कामे उभी राहतात ती शिकवावीत. कॅमेरा, ध्वनी, संकलन, विजेची कामे, छपाई हे हुन्नर खेळाच्या मालकाला काढून घेता येत नाहीत.

उरूस असो की जत्रा, आपल्या बापजाद्यांनी पाल टाकले, माल विकला आणि मोसम संपताच पुढच्या गावी गेले. पालाचे बांबू मात्र त्यांनी कधी दुसऱ्याकडून उसने आणले नाहीत. हा नवा बाजारही त्याच हिशेबाने करावा.