खेळण्याच्या खोक्यावरचे दावे

बारशाच्या आहेरात झबल्या-टोपड्यांच्या जोडीला हल्ली ‘सेन्सरी’ खेळणी येऊ लागली आहेत. खोक्यावर मेंदूचे चित्र, त्याभोवती ठिणग्या आणि खाली ग्वाही: हे खेळणे बाळाची पाचही ज्ञानेंद्रिये जागी करते, बुद्धी वाढवते, एकाग्रता आणते. एक बटण दाबले की गाणे, दुसरे दाबले की दिवे, तिसरे दाबले की इंग्रजी मुळाक्षरे. असले काही घरात नसेल तर मूल मागे पडेल, ही धास्ती आईबापांच्या मनात पेरूनच खोके विकले जाते.

विक्रेत्याची बाजू आधी नीट मांडू. पहिल्या काही वर्षांत मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या झपाट्याने वाढतात आणि अनुभवाने पक्क्या होतात. म्हणून जितकी संवेदने जास्त, तितकी वाढ जास्त. यातले पहिले विधान शास्त्राचे आहे, दुसरे दुकानाचे. मधला ‘म्हणून’ कुठून आला, हे कोणी सांगत नाही.

ही उडी जुनीच आहे. १९९३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटा निबंध आला. मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आकृत्यांची कोडी थोडी बरी सुटली आणि तो परिणाम पाव तासात ओसरला, एवढेच त्यात होते. तान्हे मूल त्यात एकही नव्हते. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी नवजात बाळांना शास्त्रीय संगीत वाटण्यासाठी सरकारी पैसा मागितला. ‘बेबी आइन्स्टाइन’ या बाळांसाठीच्या चित्रफिती त्याच लाटेवर खपल्या. पुढे २००९ मध्ये त्या विकणाऱ्या डिस्ने कंपनीने चित्रफितींचे पैसे ग्राहकांना परत देऊ केले.

बोलक्या खेळण्यांचे काय? अॅना सोसा या संशोधिकेचा २०१६ मधला अभ्यास पाहा. १० ते १६ महिन्यांची बाळे आणि त्यांचे पालक यांच्या २६ जोड्यांना घरीच तीन प्रकारच्या वस्तू दिल्या: बोलणारी-वाजणारी खेळणी, साधे ठोकळे व कोडी, आणि चित्रांची पुस्तके. बोलक्या खेळण्यांशी खेळताना मोठी माणसे सर्वांत कमी बोलली आणि बाळाच्या हुंकाराला उत्तरही कमी वेळा दिले गेले. जोड्या थोड्या होत्या, हे मान्य. पण यात नवल तरी काय? खेळणे बडबडू लागले की आई गप्प बसते. बाळाला भाषा शिकवण्याचा दावा करणारी वस्तू त्याच्या खऱ्या शिक्षिकेलाच बाजूला सारते.

‘पाचही ज्ञानेंद्रिये एकदम’ हा दावा तर मला सर्वांत हास्यास्पद वाटतो, कारण तो बहुधा ‘मॉन्टेसरी’ या नावाखाली केला जातो. मारिया मॉन्टेसरी यांचा प्रसिद्ध गुलाबी मनोरा आठवा. दहा लाकडी घन, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. दहाही घनांचा रंग एकच, आकार एकच, पोतही एकच; फरक फक्त लहानमोठेपणाचा. मुलाचे लक्ष एका गुणावर टिकावे म्हणून बाकीचे सगळे गुण मुद्दाम स्थिर ठेवलेले. आता याच बाईंचे नाव लावून विकला जाणारा ‘बिझी बोर्ड’ पाहा: सात रंग, आरसा, घंटी, चाक, चेन, कडी, कुलूप आणि वर चार दिवे. मूल त्याच्याशी खेळेल, मजाही येईल, तक्रार नाही. पण हे मॉन्टेसरीचे तत्त्व नव्हे, त्याच्या अगदी उलट टोकाचे आहे.

यावर घरातल्या आजीचा पक्ष ठरलेला: आमच्या वेळी कुठे होती ही थेरं, वाटी-चमचा द्या आणि सोडून द्या. मी आजीच्या बाजूचा आहे, पण निम्माच. आजीच्या बाजूचा दाखला असा: १९४५ मध्ये शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. मॉन्टेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शिंपले, खडे, बिया, पाने हाताशी घेतली आणि त्यांवर बालवाडी उभी केली. खेळण्याची किंमत आणि मुलाचे शिकणे यांचा संबंध नाही, याला याहून मोठा पुरावा नको.

पण ती मुले बालवाडीच्या वयाची होती आणि समोर शिक्षिका बसलेली होती. वर्षाच्या बाळापुढे परातभर मूग, चिंचोके नाहीतर मणी ओतून ‘सेन्सरी प्ले’चा व्हिडिओ काढणे ही वेगळी गोष्ट आहे. नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठीची तपासणी अशी: सुमारे सव्वा इंच व्यासाच्या ठरावीक नळीत जी वस्तू पूर्ण मावते, ती घशात अडकू शकते. चिंचोका त्यात सहज बसतो. पाण्यात फुगणारे रंगीत मणी त्याहून वाईट. गिळले तर पोटात फुगून आतडे अडवतात. शक्तिशाली चुंबकाचे दोन तुकडे आतड्याच्या दोन वेढ्यांना एकमेकांवर चिकटवून भोक पाडतात. आणि बटणाएवढा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जाळतो.

मग निवडायचे कसे? खेळण्याकडे नव्हे, मुलाकडे पाहून. नवजात बाळाला वीतभर अंतरावरचेच नीट दिसते आणि काळ्या-पांढऱ्यासारखा ठळक फरकच खुणावतो. पाळण्यावर उंच टांगलेले फिकट गुलाबी चिमणाळे पाहुण्यांसाठी असते. (शिवाय बाळाला त्या चिमण्यांची फक्त पोटे दिसतात, हे करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.) चार-पाच महिन्यांचे मूल धरू लागते, तेव्हा बारीक दांड्याचा, हलका, धुता येणारा खुळखुळा हवा, धुता येणारा अशासाठी, की तो तोंडातच जाणार. नऊ-दहा महिन्यांचे मूल वस्तू मुद्दाम खाली टाकते. तो द्वाडपणा नसतो, त्याचा अभ्यास चाललेला असतो. टाकता येईल असे काही द्या. दीड वर्षाच्या मुलाला भरणे-ओतणे हवे असते: दोन पेले, थोडे पाणी आणि जवळ बसलेला माणूस. कणकेचा गोळाही चालेल.

काही मुलांना आवाज सहन होत नाही, काहींना स्पर्श नकोसा होतो. स्वमग्न मुलांसाठी किंवा अशा अडचणी असलेल्यांसाठी साधने ऑक्युपेशनल थेरपिस्टनेच सुचवावीत. तिथेही साधनांचा उपयोग होतो आहे का, हे ठरावीक उद्दिष्ट ठेवून तपासावे लागते.

दुकानात एक कसोटी पुरे: सेल काढल्यावर त्या खेळण्यात खेळण्यासारखे काही उरते का? न उरल्यास ते मुलाशी खेळते, मूल त्याच्याशी नाही. त्यानंतर आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ते देशात सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना यातून सूट आहे, म्हणून चन्नपट्टणचे किंवा सावंतवाडीचे लाकडी खेळणे चिन्हाशिवाय मिळू शकते. तिथे रंग कोणता लावला आहे हे विचारा आणि ओल्या फडक्याने घासून पाहा.

बारशाला निघालेल्या काका-मावश्यांना एक विनंती. खेळणे नेणार असाल, तर त्यातल्या सेलचे झाकण स्क्रूने बंद होते का, एवढे दुकानातच उघडून पाहा. होत नसेल तर ते तिथेच ठेवा आणि टोपडे घेऊन जा.