विहिरीवरचे बनियन

गेल्या डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे शिबिर झाले. सकाळी बंधाऱ्याचे काम, दुपारी बौद्धिक आणि मधल्या वेळात गावाबाहेरच्या विहिरीवर आंघोळ. मोटर सुरू असली तर पाइपाच्या धारेखाली उभे राहायचे, नसली तर सरळ विहिरीत उडी. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की आम्हा बावीस मुलांपैकी सहा-सात जण बनियन न काढताच आंघोळ उरकतात. थंडीचे निमित्त सांगावे, तर ओले बनियन अंगावर वागवण्याइतकी थंडी दुसऱ्या कशाने वाजत नाही. शेजारीच गावची लहान पोरे उघडीबंब हुंदडत होती. कुणाच्या बरगड्या मोजून घ्याव्यात, तर कुणाचे पोट चड्डीवरून बाहेर आलेले. त्याचे कुणालाच सोयरसुतक नव्हते.

त्या सहा-सात जणांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचे सारे लिहिणे म्हणजे परोपदेशे पांडित्य होईल.

मला कुणी कधी चिडवलेले नाही. घरात आरसाही एकच, तोही दाढीपुरता. मग ही लाज आली कुठून? अकरावीत असताना मी फोनवर पोट कमी करण्याचा एक व्यायाम पाहिला होता. दुसऱ्या दिवशी तसेच चार दिसले आणि महिन्याभरात दुसरे काही दिसेनासेच झाले. आपण कशावर किती वेळ रेंगाळलो याचा हिशेब ती यंत्रणा ठेवते आणि तेच पुन्हा ताटात वाढते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक असूनही आपण जेवतो, ही गोष्ट निराळी.

बारावीच्या वर्षी मी आधी भात सोडला, मग रात्रीची पोळी. आईला सांगायचो, बाहेर खाऊन आलो. पूर्वपरीक्षेच्या दिवशी जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तीन पायऱ्या खाली आलो. घरी सगळ्यांना वाटले, अभ्यासाचा ताण. मीही ते खोडून काढले नाही. अभ्यासाने चक्कर आली म्हणण्यात तेवढीच प्रतिष्ठा!

आमचे एक प्राध्यापक म्हणाले, "अरे, यात नवे काय? नटांची पोस्टरे आमच्याही वेळी होतीच की." होती. १९९८ साली सलमान खानने 'प्यार किया तो डरना क्या'मध्ये उघड्या अंगाने गाणे म्हटले. २००७ मध्ये 'ओम शांती ओम'साठी शाहरुख खानने पोटाचे सहा भाग पाडले, तर पुढच्याच वर्षी 'गजनी'त आमिर खानने आठ. पण नट तो नट. त्याच्यासारखे आपण दिसत नाही, याचा दोष कुणी स्वतःकडे घेत नसे. हृतिक रोशनसारखे नाक नाही म्हणून कुणी आळशी ठरत नाही. फोनवरचा मुलगा मात्र तुमच्याच वयाचा असतो, तुमच्यासारख्याच खोलीत उभा असतो आणि सांगतो, की मी केले, तू का करत नाहीस? सबबी सांगू नकोस. माझे म्हणणे आहे ते इथेच. ही चित्रे सौंदर्याची म्हणून येत नाहीत, शिस्तीची म्हणून येतात. त्यामुळे बारीक दंड किंवा सुटलेले पोट ही अंगकाठी न राहता चारित्र्याचा डाग होतो. विहिरीवर आम्ही अंग झाकत होतो, की आपला आळस, हे मला अजून नीट सांगता येणार नाही.

आता त्या शिस्तीत काय काय असते पाहा. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेआधी खेळाडू चरबी तर उतरवतातच, पण शेवटी शेवटी अनेक जण पाणीही तोडतात. मंचावर जाण्याआधी वजने उचलून स्नायूंत रक्त खेळवतात, अंगाला रंग आणि तेल लावतात. ते शरीर त्या दिवसापुरते असते. खुद्द त्या खेळाडूलाही ते पुढच्या महिन्यात टिकवता येत नाही. फोटो मात्र वर्षभर फिरतो. अमेरिकेत 'लिव्हर किंग' म्हणून मिरवणारा ब्रायन जॉन्सन तर याचे टोकच. कच्चे काळीज खा, आदिमानवासारखे राहा, म्हणजे माझ्यासारखे व्हाल, हा त्याचा उपदेश लाखो लोक ऐकत. डिसेंबर २०२२ मध्ये त्यानेच कबूल केले, की आपण स्टेरॉइड घेत होतो. नॉर्वेत जुलै २०२२ पासून, जाहिरातीतल्या फोटोत शरीराचा आकार बदलला असेल तर तसा शिक्का मारणे कायद्याने बंधनकारक आहे. चांगले आहे. पण पाणी तोडून आणि सुया टोचून घेतलेल्या खऱ्या फोटोवर कोणता शिक्का मारणार?

१९९७ साली हॅरिसन पोप या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी एका विकाराला नाव दिले. त्यात चांगला पिळदार माणूस स्वतःला किडमिडीत समजतो, तासन्‌तास वजने उचलतो आणि अंग दिसू नये म्हणून ढगळ कपडे घालतो. हे वाचले तेव्हा मला आमच्यातला एक जण आठवला. दंड आमच्या सगळ्यांत भरदार त्याचेच, आणि विहिरीवर बनियनही त्याच्या अंगावर!

मुलींबद्दल मी अधिकाराने लिहू शकत नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीने एवढेच ऐकवले, की तुमचे बनियन तुम्हाला आज दिसले, आमच्या ओढण्या कधीच्या आहेत. पुढच्या अंकात तिने लिहावे, अशी माझी संपादक मंडळाला विनंती. आकडे मात्र वाचले आहेत. फिजी बेटांच्या नाड्रोगा भागात भरल्या अंगाची बाई चांगली मानत. तिथे १९९५ साली दूरचित्रवाणी आली. अ‍ॅन बेकर यांनी त्याच साली आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत नव्हती. तीन वर्षांनी शेकडा अकरा होत्या. दूरचित्रवाणी तर बापडी सर्वांना एकच चित्र दाखवी, ज्याचे दुखणे त्याला निवडून दाखवत नसे. आणि २०२१ साली इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली, तेव्हा कळले, की आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी बत्तीस टक्के मुली इन्स्टाग्रामने ते अधिकच वाईट वाटते असे सांगत होत्या. हे कंपनीला आधीच ठाऊक होते.

कुणी म्हणेल, म्हणजे व्यायाम करूच नये का? जरूर करावा. तालमीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. जुन्या तालमींत मुलींना वाव नव्हता, आणि वस्तादाची जीभही काही मऊ नसे. पण वस्ताद विचारी ते जोर किती मारलेस, बैठका किती काढल्यास. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारे खाशाबा जाधव ५७ किलोच्या गटात खेळले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांच्या पोटाला किती भाग पडतात हे प्राचार्यांनी आधी मोजले असेल, असे वाटत नाही.

शेवटच्या दिवशी मी विहिरीवर बनियन काढून फेकले, असे इथे लिहिता आले असते. मी ते काढले नाही.

आमच्या जिमखान्याच्या खोलीत समोरच्या भिंतीवर तेल चोपडलेल्या एका परदेशी मल्लाचे पुरुषभर उंचीचे पोस्टर आहे. खाली सबबी पुरे, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य. मुलींना त्या खोलीत आठवड्यातून दोनच तास मिळतात, आणि तेव्हाही तो मल्ल तिथे असतोच. जिमखाना समितीला माझी सूचना आहे, की ते पोस्टर उतरवावे आणि त्या जागी शिडीखाली धूळ खात पडलेला फळा टांगावा. कुणी दांडीला लोंबकळून किती वेळा हनुवटी वर नेली, कुणाचे मैदानाचे किती फेरे झाले, ते ज्याने त्याने खडूने लिहावे आणि महिन्याने पुन्हा पाहावे. आणि मुलींचे तास वाढवावेत.

पहिली नोंद करायला मी तयार आहे. दांडीवर माझे दोन होतात. दुसऱ्या वेळी हनुवटी दांडीच्या वर जाते की नाही, याबद्दल जिमखाना सचिवांचे मत वेगळे आहे.