पुसलेल्या फितींचा धडा

ज्या खेळापुढे लक्षावधी कुटुंबे आठ वर्षे बसली, त्या खेळाचे बहुतेक भाग आज जगात कोठेही पाहावयास मिळू नयेत, ही गोष्ट प्रथमदर्शनी खरी वाटणार नाही. ब्रिटनमधील 'द गोल्डन शॉट' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या बाबतीत मात्र तसेच घडले आहे. एटीव्ही या व्यापारी कंपनीने १९६७ पासून १९७५ पर्यंत तो दाखविला. मूळ कल्पना जर्मन दूरचित्रवाणीवरील, आणि तिच्याही मुळाशी विल्यम टेलची सफरचंद व बाण यांची कथा. कॅमेऱ्यावर धनुष्य बसविलेले असे. ते हाताळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी असे. आणि घरी बसलेला प्रेक्षक आपल्या पडद्याकडे पाहत दूरध्वनीवरून 'डावीकडे, उजवीकडे, वर, खाली' अशा सूचना देई. अखेरच्या फेरीत बाणाने नेमका दोरा तुटला, की छोट्या पेटीतून सोन्याच्या नाण्यांची बरसात होई. रविवारच्या चहाच्या वेळी आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर हा खेळ पाही. बाण चढविण्याची सूचना देणारे 'बर्नी, द बोल्ट!' हे शब्द तेथील बोलण्यात म्हणीसारखे रुळले. शब्द उरले, ज्या प्रसंगांतून ते रुळले, ते प्रसंग मात्र पुसले गेले.

'पुसले गेले' हे येथे शब्दशः खरे आहे. त्या काळी दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर मुद्रण होई. ही फीत अतिशय महाग, पण पुन्हा पुन्हा वापरता येण्याजोगी होती. कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. १९६९ च्या अखेरीस ब्रिटनच्या प्रमुख वाहिन्या रंगीत झाल्या आणि कृष्णधवल मुद्रणे विक्रीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरली. हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले, तर जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा मुद्रित करणे हा शहाणपणाचाच व्यवहार होता. बीबीसीसारख्या सार्वजनिक संस्थेनेही १९७८ च्या सुमारास धोरण बदलेपर्यंत हेच केले.

नाटके आणि मालिका यांचा काही अंश तरी वाचला, कारण परदेशांत विकण्यासाठी त्यांच्या चित्रपट-प्रती काढल्या जात. 'डॉक्टर हू' या मालिकेचे नऊ हरवलेले भाग नायजेरियात मिळाल्याची वार्ता २०१३ मध्ये जाहीर झाली, ती यामुळेच. घरगुती खेळाला अशी परदेशची बाजारपेठ नव्हती. स्थानिक दूरध्वनी, स्थानिक बक्षिसे, स्थानिक विनोद यांचे परक्या देशात काय होणार? त्यातून हा कार्यक्रम थेट प्रक्षेपित होई. जे सर्वांत लोकप्रिय होते तेच सर्वांत निराधार ठरले, ते अशा रीतीने.

हरवलेल्या कार्यक्रमांचा शोध आता ब्रिटनमध्ये नेटाने चालतो. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९३ पासून त्यासाठी उपक्रम चालविला आहे, आणि 'कॅलिडोस्कोप' या संस्थेचे कार्यकर्ते जुन्या तंत्रज्ञांची घरे, माळे आणि गॅरेज धुंडाळतात. या शोधातील सर्वांत बोधप्रद प्रकरण 'द गोल्डन शॉट'चे सूत्रसंचालक बॉब मंकहाउस यांचे आहे. घरात मुद्रणयंत्र असणे ही दुर्मिळ गोष्ट होती तेव्हापासून ते कार्यक्रम टिपून ठेवीत आणि जुने चित्रपट जमवीत. या संग्रहापायी चित्रपट-वितरकांची फसवणूक केल्याचा आरोप त्यांच्यावर आला. १९७९ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला उभा राहिला आणि ते निर्दोष सुटले. २००३ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या हजारो ध्वनिचित्रफिती तपासल्या गेल्या, तेव्हा कायमचे नष्ट झाले असे मानलेले कितीतरी कार्यक्रम त्यांत निघाले. ज्यांच्यावर जतनाची जबाबदारी होती त्यांनी पुसले. आणि ज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले त्याने राखले!

यावर असा आक्षेप येईल, की खेळाचे कार्यक्रम म्हणजे क्षणभराची करमणूक. त्यांच्यासाठी एवढा आटापिटा कशाला? पण हा आक्षेप टिकणारा नाही. मंत्र्यांची भाषणे वृत्तपत्रांत मिळतात, थोर नाटकांच्या संहिता ग्रंथालयांत असतात. परंतु एखादा कामगार पाहुण्यांसमोर कसा बोलतो, गृहिणी कोणत्या बक्षिसाने हरखून जाते, कोणत्या विनोदाला सभागृह हसते आणि कोणाची थट्टा करणे त्या काळी बिनदिक्कत चालते, हे कोणत्या दप्तरात सापडणार? सामान्य माणूस स्वतःच्या आवाजात आणि स्वतःच्या चेहऱ्याने जेथे नोंदला गेला, अशी ठिकाणे इतिहासात फार थोडी आहेत. घरगुती खेळ हे त्यांपैकी एक होते. सर्वच जपणे शक्य नाही, हे मान्य. परंतु महिन्याकाठी एक भाग नमुन्यादाखल ठेवण्याने कोणतीही संस्था दिवाळखोरीत निघत नाही.

हा धडा केवळ ब्रिटनने शिकावयाचा नाही. 'आलम आरा' हा १९३१ चा पहिला भारतीय बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनंतर. दूरचित्रवाणीच्या बाबतीत तरी हा विलंब टळावयास हवा. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'गजरा', 'किलबिल', 'ज्ञानदीप' यांसारख्या कार्यक्रमांतून त्या काळचे मराठी घर, त्याची भाषा आणि त्याची विनोदबुद्धी पडद्यावर आली. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयासह ठराविक ग्रंथालयांना द्यावी लागते. चार पानांची पुस्तिकाही त्यातून सुटत नाही. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. कागदावर छापलेले तेवढेच जपण्याजोगे, हा एकोणिसाव्या शतकाचा समज एकविसाव्या शतकातही कायम ठेवण्याचे कारण नाही.

म्हणून दोन गोष्टी व्हावयास हव्यात. प्रक्षेपण संस्थांनी, मग त्या सरकारी असोत वा खाजगी, आपल्या कार्यक्रमांची ठराविक नमुनाप्रत सार्वजनिक संग्रहालयाला देण्याची तरतूद कायद्यात करावी. आणि ज्यांच्या घरी जुनी मुद्रणे आहेत, त्यांना ती निर्धास्तपणे आणून देता येतील अशी हमी संग्रहालयांनी जाहीर करावी. संग्राहकाला चोर ठरविण्याची भीती राहिली, की फिती माळ्यावरच राहतात. १९८२ नंतर आपल्याकडे व्हिडिओ कॅसेट घरोघर पोचू लागली. त्या कॅसेटींवर लग्नसमारंभांच्या शेजारी कोणता कार्यक्रम सहज टिपला गेला असेल, हे सांगता येत नाही. कोकणातील चार महिन्यांच्या दमट हवेत अशा फितींना बुरशी चढते आणि त्या वाचणारी यंत्रेही आता दुर्मिळ होत चालली आहेत. ब्रिटनमधील शोधकांना निदान पुसण्याचा दोष कोणाला द्यावयाचा हे ठाऊक आहे. येथे मात्र कोणी काही न पुसताही सारे पुसले जाईल, आणि त्याचा दोष केवळ दिरंगाईकडे जाईल.