स्वारगेटला आणून देतो

“ताई, तुम्ही कशाला एवढ्या लांब येता? मी स्वारगेटला आणून देतो.”

पुण्यात कुत्र्याचं पिल्लू विकत घ्यायला निघालेल्या माणसाला हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, सगळीकडच्या एसट्या स्वारगेटच्या स्टँडवर येतात. खासगी ट्रॅव्हल्स आसपासच्या रस्त्यांवर थांबतात. सप्टेंबर २०२४ पासून तर मेट्रोही जमिनीखालून इथवर पोचली आहे. विकणाऱ्याची सोय होते, घेणाऱ्याचीही होते. तरीही माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकलं, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. भाव कितीही कमी असो आणि फोटो कितीही गोड असो.

माझी भाची मुकुंदनगरला राहते. तिच्या मुलाला दमा आहे आणि कुत्र्याचं प्रचंड वेड आहे. या दोन गोष्टींची सांगड घालता घालता ती डूडलपाशी पोचली. पूडलचा लॅब्राडोरशी संकर केला की लॅब्राडूडल, गोल्डन रिट्रीव्हरशी केला की गोल्डनडूडल. केस कुरळे, गळतात कमी, डोळे टेडी बेअरसारखे. लॅब्राडोरचं पिल्लू पुण्यात पंधरा-वीस हजारांत मिळतं, पण डूडलचे तिला सांगितलेले भाव चाळीस हजारांपासून सव्वा लाखापर्यंत होते. “मावशी, एवढा फरक कशाचा गं?” असं तिने विचारलं आणि मी या विषयात शिरले.

काही विक्रेते या फरकाचं कारण सांगतात ‘केसीआय पेपर’. ते साफ खोटं आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया शुद्ध जातींची वंशावळ नोंदवतो आणि डूडल ही जात म्हणून त्याच्या यादीत नाही. पिल्लाच्या आईचे आणि बापाचे पेपर वेगवेगळे असू शकतात, ते मागावेत आणि नीट पाहावेत. त्यांच्या मायक्रोचिपचा नंबर पेपरवरच्या नंबराशी जुळतो का, हे पशुवैद्य स्कॅनर फिरवून मिनिटभरात सांगतात. पण डूडलच्या पिल्लाचाच केसीआय पेपर देतो म्हणणाऱ्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

दुसरं कारण सांगतात ते ॲलर्जीचं. ‘या कुत्र्याची ॲलर्जी होतच नाही, मॅडम.’ ही समजूत कुठून आली ते कळलं तर आई-बाप जरा थांबून विचार करतील. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन काम करत होते. हवाईमधल्या एका दृष्टिहीन बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी होती. कॉनरन यांनी पूडल वापरून पाहिले, जमलं नाही. मग लॅब्राडोर आणि पूडलचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तेव्हा तिघांपैकी एकाचाच त्रास त्या गृहस्थांना झाला नाही. एकाच आईच्या एकाच वेतातली ही भावंडं होती! पुढे जगभर डूडलचं पीक आलं आणि वाटेल तसे संकर होऊ लागले. आपण हे सुरू केलं याची खंत कॉनरन यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे बोलून दाखवली.

ॲलर्जी केसांमुळे होत नाही. कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असलेल्या प्रथिनांमुळे ती होते. २०१२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या जातींच्या कुत्र्यांच्या केसांत आणि त्यांच्या घरांत त्यांतलं एक प्रथिन मोजलं. ॲलर्जी न करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत, लॅब्राडूडल धरून, ते कमी नव्हतंच, उलट जास्त निघालं. त्यांच्या घरांतल्या हवेतही कमी आढळलं नाही. म्हणून घरात दमेकरी मूल असेल तर टोकनचे पैसे पाठवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, आणि मुलाला त्या जातीच्या कुत्र्याजवळ काही वेळ बसवून पाहावं.

संकर आहे म्हणजे तब्येतीला दणकट, हे तिसरं कारण. लॅब्राडोर आणि पूडल दोघांनाही खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक आजार होतो, दोघांनाही डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा आजार होतो. दोन्हीकडून दोष आला तर संकर काय करणार? लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ मध्ये अशा संकरित कुत्र्यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली, तेव्हा बहुतेक आजारांच्या प्रमाणात फरकच दिसला नाही. आई-बापाच्या खुब्याचे एक्स-रे काढले आहेत का, डोळ्यांची जनुकीय तपासणी झाली आहे का, हे विचारावं. ज्याने हे केलं आहे त्याचा खर्च खरोखर झालेला असतो आणि त्याने भाव जास्त सांगितला तर मला तो रास्त वाटतो.

आता स्वारगेटकडे येते, कारण माझं मन तिथेच अडकलं आहे.

जेधे चौकाजवळ पहाटेच्या ट्रॅव्हल्समधून उतरलेलं एक खोकं मी पाहिलं आहे. पुठ्ठ्याला भोकं पाडलेली, वर सुतळी, आत एक पांढरं पिल्लू. घ्यायला आलेलं जोडपं कौतुकाने वाकून बघत होतं. पिल्लाचे दुधाचे दात नुकते डोकावत होते. कागदावर वय दोन महिने लिहिलेलं होतं, माझ्या अंदाजाने ते पाच आठवड्यांचंही नसेल. रात्रभर खोक्यात, आईपासून तोडलेलं, पाण्याशिवाय. ते जोडपं वाईट नव्हतं. त्यांना त्या पिल्लाचा लळा तिथल्या तिथे लागला होता आणि आता ते परत पाठवा म्हणणं कोणालाच जमलं नसतं. हा धंदा नेमका त्या क्षणावर चालतो.

पाच आठवडे आणि आठ आठवडे यांत फार मोठं अंतर आहे. त्या तीन आठवड्यांत पिल्लू आई-भावंडांशी खेळताना जोरात चावायचं नाही हे शिकतं. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती याच काळात ओसरत असते. पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांची असताना देतात, आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस द्यावे लागतात. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू व्हायला साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे घाणेरड्या जागेत लागण झालेलं पिल्लू स्वारगेटला हातात येतं तेव्हा शेपूट हलवत असतं. चार दिवसांनी ते सलाईनवर असतं आणि विकणाऱ्याचा फोन बंद असतो.

पण मला त्याहून जास्त छळते ती न दिसलेली आई. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि गाभण राहिल्यापासून त्रेसष्ट दिवसांच्या आसपास विते. प्रत्येक माजाला मेटिंग लावलं तर वर्षात दोन वेत, आणि मधे शरीर भरून यायला वेळच नाही. कुठल्याशा पत्र्याच्या शेडमध्ये, आचळं लोंबलेली, केसांच्या जटा झालेली ती पूडल उभी असते आणि तिच्या पिल्लांचे फोटो मात्र गुलाबी गालिच्यावर काढलेले असतात. स्वारगेटला आणून देण्याची तत्परता तिच्यासाठी असते, ती दिसू नये म्हणून.

कायदा आहे, आणि चांगला आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम आणले. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. अठरा महिन्यांच्या आत कुत्रीचं प्रजनन करायचं नाही, वर्षाला एकच वेत, आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत, आठ वर्षांनंतर थांबवायचं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. मायक्रोचिप, लसीकरणाची नोंद आणि पावती द्यायची. एवढं सगळं असूनही हा धंदा राजरोस चालतो, कारण ज्या १९६० च्या कायद्याखाली हे नियम झाले, त्यात प्राण्याला क्रूरपणे वागवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. लाखाच्या पिल्लामागे पन्नास रुपये! हा दंड वाढायला हवा, आणि तो वाढेपर्यंत गिऱ्हाइकाने नोंदणी क्रमांक मागायला हवा. तो मागितला की बरेच जण आपणहून फोन ठेवतात.

खर्चाचंही सांगून टाकते. पिल्लाची किंमत एकदाच जाते, पुढची बारा-चौदा वर्षं खर्च चालू राहतो. डूडलचे केस कमी गळतात म्हणजे ते अंगावरच गुंततात. रोज विंचरावं लागतं आणि सहा-आठ आठवड्यांनी ग्रूमरकडे न्यावं लागतं. दुर्लक्ष झालं तर कातडीला चिकटून गठ्ठे होतात, त्याखाली जखमा होतात. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये हे अंग घेऊन त्याने कुठे जावं? महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस दरवर्षी चुकवायची नाही. केसांची एवढी निगा परवडत नसेल किंवा वेळ नसेल, तर मुंढव्याला ब्लू क्रॉस आहे, बावधनला रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहे, तिथली दत्तक घेता येण्याजोगी कुत्री पाहून यावं. विकत घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण पर्याय बघितल्याशिवाय घेऊ नये.

भाचीने शेवटी स्वारगेटला पोचवणारे सगळे बाद केले आणि घरी या म्हणणारा एक ब्रीडर शोधला. मुलाला घेऊन ती त्याच्याकडे गेली. पिल्लं नव्हतीच, आई होती, स्वच्छ, थोडी भित्री, मालकाच्या पायाशी बसलेली. एक्स-रे आणि नोंदणीचा कागद त्याने न मागता पुढे ठेवला. मग त्यानेच प्रश्न सुरू केले. घरात दिवसभर कोण असतं? फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा? गावाला जाता तेव्हा कुत्र्याला कुठे ठेवाल? मुलाच्या दम्याचं कळल्यावर त्याने टोकन घ्यायचं नाकारलं. आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांना भेटा, ते बरं म्हणाले तर मुलाला दोन-चार वेळा इथे आणून कुत्रीजवळ बसवा, मग बोलू, म्हणाला. पुढचं वेत वर्षभर नाही हेही सांगितलं. आणि उद्या काही कारणाने सांभाळणं जमलं नाही, तर पिल्लू दुसऱ्या कोणाला न देता त्याच्याकडेच परत आणायचं, ही अट तो पावतीवर लिहून घेतो. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे.