किडीचे नाव कळले, तर उपाय कळतो



बी.एस्सी.चे निकाल लागले की घरोघरी पुढच्या शिक्षणाचा विषय निघतो. एखादी मुलगी म्हणते, "मला एम.एस्सी. करून वनस्पतींचे नाहीतर कीटकांचे वर्गीकरण शिकायचे आहे." वडील कपाळाला हात लावतात. "गवताची अन् किड्यांची नावे शिकून पोट भरते काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पपईच्या बागेत सापडते.

२००८ साली कोइमतूर भागात पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण दिसला. पुढे तो तुती आणि टॅपिओकावर पसरला व महाराष्ट्रातही आला. फवारण्या पुष्कळ झाल्या; पण अंगावरच्या मेणामुळे औषध किडीपर्यंत नीट पोचेना आणि मित्रकीटक मात्र मरत. तज्ज्ञांनी कीड सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ओळखली. तिचे नाव पॅराकॉकस मार्जिनेटस, मूळ मुलूख मेक्सिको व मध्य अमेरिका. तिचे नमुने मेक्सिकोत १९५५ सालीच गोळा झाले होते आणि १९९२ साली शास्त्रज्ञांनी तिला नाव दिले होते.

नाव कळले, म्हणून मूळ गाव कळले. गाव कळले, म्हणून तिथला तिचा वैरी कळला. २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्टो रिकोहून तीन जातींचे परोपजीवी कीटक आणले. त्यांतला अ‍ॅसेरोफॅगस पपायी हा बारीकसा कीटक ढेकणाच्या अंगात अंडे घालतो. अळी ढेकणाला आतून खाते. त्याच्या प्रसारानंतर कीड आटोक्यात आली.

जीव नेमका कोणता हे सांगते ते वर्गीकरणशास्त्र. तो कशावर जगतो, त्याला कोण खातो हे सांगते ती परिस्थितिकी. दोन्ही शास्त्रे शेताला लागूनच आहेत.

हे शिक्षण सरकारी विद्यापीठात मिळते. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्यांसाठी कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आहे. कृषी पदवीधरांना राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे कीटकशास्त्र घेता येते. एम.एस्सी. दोन वर्षांची. रानात हिंडून नमुने गोळा करायचे, वनस्पती दाबून वाळवायच्या, ठिकाण व तारीख लिहून जपायच्या, असे हे काम चिकाटीचे आहे. शेतकऱ्याच्या मुलांना ते परके वाटत नाही.

आता दुसरी बाजूही ऐका. केवळ एम.एस्सी.वर या विषयातल्या नोकऱ्या थोड्या. पुढे पीएच.डी.ला चार-पाच वर्षे जातात. नेट परीक्षेत संशोधनवृत्ती मिळाली, तर हा काळ निभावतो. २०२३ साली ही वृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली. म्हणून प्रवेशाआधी विभागात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: मार्गदर्शक कोण आहेत, वसतिगृह मिळेल का, आणि मागील विद्यार्थी आज कुठे आहेत.

उत्तरे समाधानकारक असतील आणि मुलीची ओढ खरी असेल, तर तिला अडवू नका. उद्या नवी कीड आली, तर ती ओळखणारे माणूस आपल्यातले असावे.